न लावलेली आग

"अरे, मेणबत्ती आडवी कशाला ठेवलीस? उदबत्तीच्या शेजारी ठेव नीट. आणि ताट दोन्ही हातांनी धर. पंगतीत भाजी वाढायला नाही निघालास!"

खमपुन सकाळपासून मुलाच्या मागे मागे फिरत होती आणि प्रत्येक दारात त्याला नवीन काहीतरी शिकवत होती. थवी हसत होता. चोवीस वर्षांचा, ताडमाड, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. परवा त्याचं मुंडण व्हायचं होतं, तेरवा प्रव्रज्या, म्हणजे भिक्खूची दीक्षा. पावसाळ्यातले वर्षावासाचे तीन महिने तो विहारात काढणार होता. भिक्खू व्हायला निघालेल्या मुलाने आधी गावातल्या थोरामोठ्यांच्या दारी फुलं, उदबत्ती, मेणबत्ती घेऊन जायचं, डोकं टेकायचं आणि म्हणायचं, 'कायेनं, वाचेनं, मनानं माझ्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा करा.' मोठ्यांनी 'साधु' म्हणून ताटाला हात लावायचा. झालं. एका घरी पाच मिनिटंसुद्धा लागत नाहीत. थवीला मात्र अर्धा तास लागत होता, कारण तो चुका एकेक आठवून सांगत होता. कुणाची फणसं चोरली, कुणाच्या रेडकाच्या शेपटीला डबा बांधला. म्हाताऱ्याकोताऱ्या हसून हसून बेजार झाल्या होत्या.

खमपुनलाही हसू येत होतं. तिचा नवरा थवी सहा वर्षांचा असताना गेला. तेव्हापासून तिने मडक्यांत मासे, मीठ आणि भाताचा कोंडा भरून पलारा आंबवला, बाजारात विकला आणि पोराला वाढवलं. तिच्या अंगाचा वास आळीच्या टोकाला कळतो असं शेजारची मालाई म्हणायची. तिच्यासारख्या बाईला आयुष्याकडून काय हवं असणार? आमच्याकडे म्हणतात की मुलाच्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गाला जाते. खमपुन म्हणायची, "स्वर्गाचं मागाहून बघू. मला आधी माझा पोरगा पिवळ्या कपड्यात बघायचाय. डोळे आहेत तोवर."

डोळ्यांचं ती उगीच म्हणत नव्हती. तिला काचबिंदू होता. उजवा डोळा गेल्यातच जमा होता. डावा औषधावर जितका टिकेल तितका टिकेल असं जिल्ह्याच्या डॉक्टरने तोंडावर सांगितलं होतं. थवीला तिने त्यातलं अर्धंच सांगितलं होतं.

शेवटचं घर तोंगसुकचं होतं. तिथे थवीचे पाय जड झाले. ते साहजिकच होतं. तोंगसुकच्या मुलीवर, साईरुंगवर, त्याचा तीन वर्षं जीव होता. गेल्या सुगीनंतर बापाने तिचं लग्न शहरातल्या एका ट्रकवाल्याशी लावून दिलं आणि ती गेली. मुलगी रडली, थवी महिनाभर जेवला नाही, आणि मग जसं सगळ्यांचं होतं तसं सगळं शांत झालं.

"चल ना," खमपुन म्हणाली. "मनात काही असेल तर सांगून मोकळा हो. मनात अढी ठेवून चीवर नेसू नये."

हे वाक्य तिला पुढे किती रात्री झोपू देणार नव्हतं हे तेव्हा कुणाला ठाऊक!

तोंगसुक ओसरीवर बसला होता. साठीचा, काटक, आवाज असा की शेतात खोकला तर पलीकडच्या गावातले बगळे उडावेत. थवीच्या बापाचा तो जुना मित्र. आजूबाजूला शेजारचे आठदहा लोक जमले होते. थवीने ताट पुढे ठेवलं, डोकं टेकलं, ठरलेलं वाक्य म्हटलं. आणि उठायच्या ऐवजी तसाच बसून राहिला.

"काका, मनानं म्हणजे नुसतं मनानं नाही. अजून आहे."

"असू दे रे पोरा. झालं गेलं."

"नाही, ऐका. साईरुंगच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी तुमची धान्याची कोठी जाळायला आलो होतो. रॉकेल आणलं होतं. काठीला चिंध्या बांधल्या होत्या. कोठीच्या मागे पेंढ्यात बसलो."

खमपुनच्या हातातली फुलांची परडी कलंडली.

"मग?" तोंगसुकने विचारलं.

"मग तुमचं कुत्रं आलं. मला वाटलं आता भुंकणार. ते माझ्या पायावर येऊन बसलं आणि शेपूट हलवायला लागलं. तीन वर्षं माझ्या हातचा भात खाल्लाय त्यानं. त्याच्याकडं बघून मला माझीच लाज वाटली, काका. डबा तिथंच टाकून घरी गेलो."

तोंगसुकने पाण्याची वाटी मागवली, थवीच्या हातांवर क्षमेचं पाणी ओतलं आणि त्या फाटक्या आवाजात म्हणाला, "साधु. साधु. साधु. माझ्याकडून काही राहिलं नाही. तूही काही ठेवू नकोस. मी तुझ्या हाती पोर दिली नाही, ते बरोबर केलं की चूक ते मलाही अजून कळलेलं नाही." मग दोघंही रडले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. अशी क्षमा गावाने बघितली नव्हती. घरी जाताना खमपुनला वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच असेल.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण भल्या माणसाचं भलेपण कधीकधी असं उलटतं की वैऱ्यालाही ते जमू नये. लग्नानंतर तोंगसुकला कोठीमागे तो डबा आणि चिंध्यांची काठी सापडली होती आणि घाबरून तो पोलिसांत सांगून आला होता. पोलिसांनी 'बघतो' म्हटलं आणि विसरून गेले. आता क्षमा झाल्यावर ते प्रकरण तसंच लटकत राहणं तोंगसुकला बरं वाटेना. आता चीवर नेसणाऱ्या पोराच्या मागे कशाला हवी ती भुणभुण? दुसऱ्या दिवशी सकाळी केळ्यांचा घड घेऊन तो स्वतःच्या पायांनी चौकीवर गेला.

"हवालदारसाहेब, ते आमचं प्रकरण मिटलं. पुसून टाका. कोण होतं ते कळलं, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, मी माफ केलं. पाणी ओतून."

हवालदार विचिअन हा जवळच्याच गावचा, समजूतदार माणूस. त्याने केळ्यांकडे बघितलं, मग तोंगसुककडे.

"काका, हे तुम्ही मला कशाला सांगितलंत?"

"म्हणजे? मिटवायला!"

"अहो, तुमचा बैल कुणी शिव्या घालून हाकलला असता तर मिटवलं असतं. एखाद्याला मारायचं मनात आणलं, चाकू विकत घेतला आणि घरी परत गेला, तरी कायदा त्याला हात लावत नाही. पण आग वेगळी. आगीची नुसती तयारी केली तरी लावायला गेल्याइतकीच धरतात. आणि ते मिटवणं तुमच्या हातात नाही, माझ्याही नाही. आठदहा लोकांसमोर बोललाय तो."

"पण आग लागलीच नाही ना! कोठी उभी आहे. चला, दाखवतो!"

"कोठी उभी आहे म्हणूनच तो जिवंतपणी सुटून येईल," विचिअन म्हणाला आणि केळी परत त्याच्या पुढ्यात सरकवली.

मुंडणाच्या सकाळी ढोल वाजत होते. थवी मांडी घालून बसला होता, मांडीवर कमळाचं पान. पहिली बट आईने कापायची असते. खमपुनने डाव्या डोळ्याने नीट बघून बट कापली आणि पानावर ठेवली, तेवढ्यात गर्दी दुभंगली. विचिअन बूट बाहेर काढून आत आला होता. त्याने आधी थोरल्या भन्तेंना वंदन केलं, मग हलक्या आवाजात काय ते सांगितलं.

"परवा नेलंत तर नाही का चालणार?" मालाई म्हणाली. "तोवर चीवर तर नेसू दे पोराला!"

थोरले भन्ते म्हातारे होते. ते मान हलवत म्हणाले, "ज्याच्यावर सरकारचा खटला आहे त्याला मला दीक्षा देता येत नाही, खमपुन. नियम आहे." आणि मग तिच्याकडे न बघता, "मला वाईट वाटतं."

खमपुनच्या हातात कात्री तशीच होती. थवीच उठला, तिच्या हातातून ती हळूच काढून घेतली आणि म्हणाला, "येतो गं आई. मी काही केलेलंच नाही. सांगितलं की सोडतील."

त्याने कोर्टातही तेच सांगितलं, तसंच्या तसं, कुत्र्यासकट. वकिलाने त्याला गप्प राहायला सांगितलं होतं, पण गप्प राहणं त्या पोराच्या रक्तातच नव्हतं. तोंगसुकने साक्षीच्या पिंजऱ्यात हात जोडून सांगितलं की माझी काहीच तक्रार नाही, माझ्या एका दाण्याचंही नुकसान झालेलं नाही. न्यायाधीशबाई मऊ आवाजाच्या होत्या. त्या म्हणाल्या, तू परत फिरलास हे चांगलं केलंस. कबुली दिलीस म्हणून शिक्षा निम्मी करते. निम्मी होऊनही ती एक वर्ष आणि आठ महिने उरली. मालाई कोर्टाच्या पायरीवर बसून म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ते असं. आमचा तर संन्यासीसुद्धा झाला नव्हता अजून."

त्यानंतर खमपुनचं आयुष्य दर महिन्याच्या त्या एका बसप्रवासाभोवती फिरायला लागलं. पहाटे उठायचं, साबणाने दोनदा अंग घासायचं, म्हणजे तुरुंगातल्या लोकांसमोर पोराला पलाऱ्याची लाज वाटू नये. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, मध्ये फोन. घरचं खाणं आत जाऊ देत नाहीत. हात लावता येत नाही. तिला त्याच्या हाताचा वास हवा होता, त्याची अखंड बडबड हवी होती, रात्री ताटलीत भात संपल्यावर त्याने ताटली वाजवायची ती खोड हवी होती. फोनवर तो विचारायचा, "पाऊस झाला का? मडकी भरली का?" आणि गप्प व्हायचा. पहिल्यांदा गप्प झाला तेव्हा तिला वाटलं फोन बिघडला.

वर्ष फिरून वर्षावास जवळ आला. एके दुपारी तिच्या दारात ताट घेऊन कुणीतरी उभं राहिलं. फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. अंगावर पांढरी वस्त्रं. तिला चेहरा नीट दिसला नाही, पण खाकरणं ऐकू आलं.

"वहिनी, मी."

"कळलं. बगळे उडाले."

तोंगसुक ओसरीवर गुडघे टेकून बसला. "मी दीक्षा घेतोय. या वर्षावासापुरती. थवीच्या जागी. जे काही पुण्य पडेल ते त्याच्या नावे. तो असता तर या आळीतून भिक्षेला आला असता. मी येईन."

कुंपणापलीकडून मालाई मान उंच करून बघत होती.

"वहिनी, कायेनं, वाचेनं, मनानं…" त्याने ताट पुढे सरकवलं. "मी त्याला वाचवायला गेलो होतो हो. केळी घेऊन गेलो होतो."

दीक्षेला निघालेल्या माणसाला क्षमा नाकारायची नसते. अशी रीतच आहे. खमपुनने ताटाला हात लावला.

"कायेचं म्हणाल तर माफ केलं, भावजी. वाचेचंही केलं. मनाचं मात्र मला विचारू नका. मनातलं बोलून दाखवलं की काय होतं ते आपण दोघांनी बघितलंय."

तोंगसुकने डोकं टेकलं आणि तो उठून गेला.

विहारात भिक्खू तीन आणि गावात आळ्या तीन. खमपुनच्या आळीत रोज सकाळी नवा म्हातारा भिक्खू येऊ लागला, अनवाणी, नजर खाली. घरोघरी बायका गुडघे टेकून पात्रात चिकट भाताचा गोळा टाकायच्या, आणि तो त्या भसाड्या आवाजात आशीर्वादाची गाथा म्हणायचा. पार दुसऱ्या आळीत ऐकू जायची. खमपुनच्या दाराशी येऊन तो थांबायचा. भिक्खूने मागायचं नसतं. आतून कुणी आलं नाही की पुढे जायचा. ती आत बसून भाताची करंडी मांडीवर घेऊन ती पावलं थांबलेली ऐकायची, आणि पुन्हा सुरू झालेली ऐकायची. तिच्या मनात राग होताच, पण रागापेक्षा जास्त काहीतरी होतं. या दारात, या वेळेला, ही पावलं थवीची असायला हवी होती. ते तिला सोसवत नव्हतं.

"काकू, बरं दिसतं का हे?" मालाई म्हणाली. "भिक्खू दारातून रिकामा जातो रोज."

"माझ्या दारातून बरंच काही रिकामं गेलंय. तू आपलं दार बघ."

त्या महिन्यात ती तुरुंगात गेली तेव्हा डावा डोळाही धुक्यात गेल्यासारखा झाला होता. मालाईच्या हाताला धरून ती काचेपर्यंत पोचली. खुर्चीवर बसली, फोन उचलला आणि समोर बघून तोंड भरून हसली.

"बारीक झालास रे! खात नाहीस का नीट?"

"आई," थवी म्हणाला. "मी इकडं आहे. डावीकडं. तो दुसरा आहे."

खमपुनने मान वळवली. तिथेही तसाच एक आकार होता, तेच कपडे, तसंच भादरलेलं डोकं. तिने हसू तसंच धरून ठेवलं, पण ते हळूहळू तिच्या चेहऱ्यावरून निसटलं.

"किती दिवस झाले?" त्याने विचारलं.

"असंच. ऊन डोळ्यावर येतंय इथं."

"आई."

"बरेच झाले," ती म्हणाली. "तू बाहेर येशील तोवर राहतात की नाही म्हणून… मला तुला सांगायचं नव्हतं. एवढंच बघायचं होतं रे मला. दुसरं काही मागितलं नव्हतं मी."

थवी रडत होता की नाही ते तिला दिसलं नाही. फोनवर नुसता श्वास ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "तोंगसुककाका येतात ना आळीत? मालाईनं पत्रात लिहिलं होतं."

"येतो."

"भात घालतेस ना?"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घाल, आई. त्यांच्या घरी मी तीन वर्षं जेवलोय. आणि मी काडी पेटवली नाही हे या जगात दोनच माणसांनी मनापासून मानलं. एक तू, एक ते. त्यांना उपाशी पाठवू नकोस."

वेळ संपल्याची घंटा झाली. कितीतरी दिवसांनी तो इतकं सलग बोलला होता.

दुसऱ्या दिवशी खमपुन अंधारातच उठली. भात वाफवला, बांबूच्या करंडीत भरला, अंगणात चटई टाकली आणि गुडघे टेकून बसली. पलीकडे मालाई आपली करंडी घेऊन बसली होती.

उजाडत होतं. आळीच्या तोंडाशी काहीतरी हललं. खमपुनला झाडं दिसत नव्हती, घरं दिसत नव्हती, कुंपणही दिसत नव्हतं. पिवळा रंग मात्र दिसत होता. तो हळूहळू मोठा होत आला. त्याला चेहरा नव्हता, वय नव्हतं. उंच होता. तो तिच्या समोर येऊन थांबला.

तिने करंडीतून भाताचा गोळा घेतला. हात पुढे केला आणि हवेत चाचपला. पात्र आपण होऊन खाली आलं आणि तिच्या बोटांना लागलं.

"गरम आहे हं, बाळा," ती म्हणाली. "जपून."

पिवळा रंग हलला नाही. भात पडल्यावर भिक्खूने गाथा म्हणायची असते. खमपुन हात जोडून, मान वर करून बघत राहिली. डोळ्यांत होता नव्हता तेवढा सगळा उजेड तिने त्या रंगावर खर्ची घातला. भिक्खू एका दारात थांबत नाहीत इतका वेळ तो तिथे उभा राहिला. ओठ मिटलेले, साधं खाकरणंसुद्धा नाही. मग पावलं न वाजवता तो निघून गेला.

मालाई धावत आली. "काकू, आज त्यांनी गाथा म्हटलीच नाही! एवढं वर्षावासातलं पहिलं दान तुमचं, आणि आशीर्वाद न देताच गेले!"

"म्हटली असती तर तो तोंगसुक झाला असता," खमपुन म्हणाली. तिने करंडीवर झाकण ठेवलं, चटई गुंडाळली आणि भिंतीला हात लावत ती मडक्यांकडे गेली.